कोरी पाटी आणि पुसट चेहरे

मुलांच्या मराठी वाचनाविषयी आम्ही मागे जे लिहिले, त्यावर आलेल्या पत्रांना उत्तरे द्यावयाची राहिली आहेत. ती पुढील खेपेस देऊ. या वेळी थोडे निराळ्या वाटेने जाण्याची परवानगी असावी. कारण गेले दोन महिने आमच्या घरात एकाच गोष्टीचा घोर लागून राहिला होता, आणि ती गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात, जुन्या शालूंच्या खाली किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत, आजही पडून असणार याविषयी आम्हांस शंका नाही. ती म्हणजे लग्नाची व्हिडिओ कॅसेट.

आमची ही कॅसेट १९९२ सालची. अलिबागच्या इस्राएल आळीत आमच्या मेंदीची संध्याकाळ झाली, ती भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली. सुमारे ७० मिनिटांचे चित्रण. त्यात आमची आई इतर बायकांबरोबर बसून टाळ्यांच्या ठेक्यावर मेंदीची गाणी म्हणते आहे. आई आता नाही. तिचे चालतेबोलते चित्र म्हणून जे काही जगात उरले आहे ते एवढेच. आईची धाकटी बहीण, आमची मावशी, अशदोदला राहते. वय ८४. एका डोळ्याने दिसेनासे झाले आहे, आणि दुसऱ्याचाही डॉक्टर फार भरवसा देत नाहीत. तिला आपली बहीण डोळेभर पाहावयाची होती, आणि तीही आता, दिसते आहे तोवर.

येथे दुबईत राहणाऱ्यांना एक गोष्ट नव्याने सांगावयास नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो. १६ ऑगस्ट २०२० पर्यंत या देशातून इस्राएलला थेट फोनसुद्धा लागत नसे. मावशीची खुशाली आम्हांस मुंबईच्या नातलगांकडून कळावयाची. थेट बोलणे सुरू झाल्यावर तिने पहिल्या काही फोनांतच कॅसेटची चौकशी केली होती. तेव्हा ही मागणी जुनी, आणि दिरंगाई सर्वस्वी आमची.

वर्षभरापूर्वी आमच्या धाकट्या चिरंजीवांनी बर दुबईत जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरून एक चालता व्हीसीआर मिळवला. कॅसेटमधले चित्र संगणकात उतरवून घेणारे एक लहानसे यंत्र आमच्याजवळ होतेच. त्यांनी संपूर्ण कॅसेट संगणकात उतरवली आणि त्यातील पाच मिनिटांचा तुकडा नमुन्यादाखल मावशीला पाठवला. चित्र स्वच्छ होते. मावशी फोनवर रडली. ‘‘सगळं पाठव गं,’’ म्हणाली. आम्ही ‘‘पाठवते’’ म्हणालो, आणि मग शाळेच्या परीक्षा, पाहुणे, सणवार यांत ते राहून गेले.

अशातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार संपला. आमचा संगणक तसाही मंदावला होता. म्हणून नोव्हेंबरात तो जवळच्या एका दुकानात देऊन त्यावर विंडोज ११ नव्याने चढवून घेतली. दुकानदाराने विचारले होते, ‘‘मॅडम, सी ड्राइव्हमध्ये काही ठेवायचे आहे काय?’’ आम्ही घाईत होतो. ‘‘काही नाही, सगळे पुसा,’’ असे म्हणालो. त्याने सगळे पुसले. त्यात ती कॅसेटवरून उतरवलेली मोठी फाईलही गेली. तिची जागा नेमकी सी ड्राइव्हमध्येच होती. दुकानदाराचा यात दोष नाही. ज्या बाईने तीस वर्षे मुलांना ‘पाटी पुसण्यापूर्वी वहीत उतरवून घ्या’ म्हणून बजावले, तिचा आहे.

(जाता जाता सांगतो. ड्राइव्ह फॉरमॅट न करता त्यावरच नवी विंडोज चढवली, तर जुनी सामग्री ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात काही दिवस पडून असते, आणि त्यातून ती परत काढता येते. फॉरमॅट केल्यावर तो मार्ग उरत नाही.)

आता कॅसेट पुन्हा लावणे भाग होते. चिरंजीवांनी यंत्राबरोबर आलेल्या सीडीवरून प्रोग्राम पुन्हा टाकला, कॅसेट पुन्हा उतरवली, आणि हँडब्रेक नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामातून ती लहान करून मावशीला पाठवली. फाईल ३०० एमबीच्या आसपास होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन.

‘‘अगं, आवाज माझ्या बहिणीचाच आहे. पण तोंड कुणाचं?’’

आम्ही संगणकावर पाहिले. खरोखरच, चेहऱ्यांच्या जागी मळक्या चौकोनांची गोधडी होती. आई टाळी वाजवी तेव्हा हात विरघळून जात. चिरंजीव म्हणाले, ‘‘आई, कॅसेटच जुनी झाली गं. तेहतीस वर्षांची आहे. आता यातून काही निघायचं नाही.’’

आम्ही त्याला क्षणभर मान डोलावली हे कबूल करावयास हवे. परंतु मग अध्यापक विद्यालयातील आमच्या बाईंचे शब्द आठवले. मूल गणितात चुकले की ‘ढ आहे’ म्हणणे हा निदान न करण्याचा सोपा मार्ग, असे त्या म्हणत. आधी निदानात्मक चाचणी घ्या. बेरीज चुकते, की हातचा चुकतो, की प्रश्नच वाचता येत नाही, ते पाहा. उपचारात्मक अध्यापन त्यानंतर. आमच्या हाती तर पुरावाही होता. त्याच कॅसेटचा, त्याच प्रसंगाचा पाच मिनिटांचा जुना तुकडा फोनमध्ये शिल्लक होता आणि त्यात आईच्या कपाळावरची टिकली दिसत होती. कॅसेट एका वर्षात एवढी म्हातारी होत नाही. दोन्ही चित्रांच्या मध्ये जे घडले ते एकच, संगणकाची पाटी कोरी झाली.

मग आम्ही एकेक कडी वेगळी करून पाहण्याचे ठरवले. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि जे दिसेल ते वहीत लिहावयाचे, हा आमचा हट्ट. चिरंजीवांना तो पसंत नव्हता. तरुण मंडळी चार गोष्टी एकदम बदलतात, आणि मग बरे वाटले तर ते कशाने हे त्यांना सांगता येत नाही.

प्रथम व्हीसीआर सरळ टीव्हीला जोडला. चित्र बरे होते. जुन्या कॅसेटचे असते तसे किंचित थरथरते, रंग थोडे पसरलेले, पण चेहरे जागच्या जागी. म्हणजे कॅसेट निर्दोष आणि व्हीसीआरही निर्दोष.

नंतर जुना, चांगला तुकडा नव्या संगणकावर लावला, आणि आश्चर्य असे की तोही मळकट दिसला! तोच तुकडा फोनवर स्वच्छ. याचा अर्थ दोष निदान काही अंशी फाईलमध्ये नसून दाखवणाऱ्या पडद्यात होता. डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहिले, तेथे चित्र दाखवणाऱ्या चिपच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे लिहिलेले. नवी विंडोज चढवल्यावर संगणकाच्या खऱ्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर मिळाला नाही, तर विंडोज असा एक कामचलाऊ ड्रायव्हर लावून वेळ भागवते. रजेवरच्या शिक्षकाच्या जागी येणाऱ्या बदली शिक्षकासारखा तो असतो. वर्ग सांभाळतो, विषय शिकवीत नाही. संगणकाच्या उत्पादकाच्या स्थळावरून योग्य ड्रायव्हर उतरवून घातला, पडदा त्याच्या मूळ मापावर आला, आणि जुना तुकडा स्वच्छ दिसू लागला. नवी फाईल मात्र होती तशीच गोधडी राहिली. एक चूक सापडली होती, पण मुख्य चूक नव्हे.

येथे थोडे थांबून, चित्र लहान करणे म्हणजे काय ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे, इस्राएलात आणि या अमिरातीत टीव्हीची जुनी पद्धत पाल हीच होती. त्यामुळे आपल्या कॅसेटी तिन्ही ठिकाणी चालतात. अमेरिकेतून आलेल्यांचे तसे नाही. पाल पद्धतीचे चित्र संगणकात घेतले की प्रत्येक चित्र ७२० आडव्या आणि ५७६ उभ्या ठिपक्यांचे, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. काहीही न दाबता ती साठवावयाची म्हटल्यास सेकंदाला सुमारे २० एमबी लागतात. आमच्या ७० मिनिटांना ८७ जीबी. एवढे कोणी अशदोदला पाठवीत नाही. म्हणून दाबणे आले, ज्याला मंडळी कॉम्प्रेशन म्हणतात.

या विद्येच्या मुळाशी आपल्याच भूमीतला एक माणूस आहे हे आम्हांस या निमित्ताने कळले आणि फार आनंद झाला. नासिर अहमद, जन्म १९४०, बंगळूर. ते पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी चित्र दाबण्याच्या एका गणिती युक्तीवर संशोधन करण्यासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे पैसे मागितले. प्रतिष्ठानने ते दिले नाहीत. अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह ते काम तरीही पुरे केले आणि जानेवारी १९७४ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्या युक्तीस डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. आज फोनवर येणारी बहुतेक छायाचित्रे आणि चित्रफिती तिच्या किंवा तिच्या वंशजांच्या जोरावर आपल्यापर्यंत पोहोचतात. नातवंडांचे फोटो पाहताना बंगळूरच्या या सुपुत्राचे स्मरण कोण करतो?

युक्ती अशी. चित्राचे लहान लहान चौकोन करावयाचे. प्रत्येक चौकोनात ढोबळ छटा किती आणि बारीक नक्षी किती याचा हिशेब मांडावयाचा. माणसाच्या डोळ्याला ढोबळ छटा नीट कळते, बारीक नक्षीतील फरक फारसा कळत नाही. म्हणून नक्षीचे आकडे गोळाबेरीज करून टाकावयाचे. शाळेत ६७.३ गुणांचे ६७ करतो तसे. ही गोळाबेरीज थोडी केली तर चित्र सुंदर राहते. फार केली, म्हणजे ६७ चे ७० आणि ७० चे १०० करावयास लागलो, की प्रत्येक चौकोनात एकच सपाट रंग उरतो आणि चौकोनांच्या कडा दिसू लागतात. मावशीला दिसलेली गोधडी ती हीच. याशिवाय दुसरी काटकसर म्हणजे प्रत्येक चित्र नव्याने न लिहिता ‘मागच्या चित्रापेक्षा एवढेच हलले’ असे नोंदणे. २००३ साली मंजूर झालेल्या एच-२६४ या पद्धतीत हे दोन्ही फार कुशलतेने केले जाते, आणि आज घरोघरी तीच पद्धत प्रचलित आहे.

जुन्या कॅसेटशी मात्र तिचे पटत नाही. कॅसेटच्या चित्रावर सतत बारीक मुंग्या धावत असतात. आपल्याला त्या कचरा वाटतात, पण प्रोग्रामाला वाटते की प्रत्येक ठिपका हलतो आहे. बिचारा त्या मुंग्यांचे वर्णन लिहिण्यातच आपली शाई संपवतो, आणि आईच्या चेहऱ्यासाठी काही शिल्लक राहत नाही. म्हणून नव्या स्वच्छ चित्रणाला जेवढी शाई पुरते तेवढी जुन्या कॅसेटीला पुरत नाही.

शाई किती द्यावयाची हे हँडब्रेकमध्ये एका आकड्याने ठरवता येते. आकडा लहान तितके चित्र चांगले आणि फाईल मोठी. कॅसेटच्या मापाच्या चित्रासाठी १८ ते २२ हा आकडा ठेवावा अशी त्या प्रोग्रामाच्या मार्गदर्शिकेत शिफारस आहे. सहा अंक खाली आले की फाईल साधारण दुप्पट होते. चिरंजीवांनी गेल्या वर्षी सगळे पारखून स्वतःची मांडणी तयार केली होती आणि ती प्रोग्रामात नाव देऊन ठेवली होती. पाटी पुसली तेव्हा तीही पुसली. नव्याने टाकलेल्या प्रोग्रामात त्यांनी घाईने, फाईल लहान व्हावी म्हणून, ठराविक आकारात बसवणारी एक तयार मांडणी निवडली. शिवाय दाबण्याचे काम नव्याने जागी झालेल्या ग्राफिक्स चिपकडे सोपवले, कारण ती ते मिनिटांत उरकते. चिपचे काम झटपट असते, पण तेवढ्याच शाईत संगणकाचा मुख्य प्रोसेसर सावकाश जे अक्षर काढतो ते बहुधा अधिक वळणदार निघते. आणि दोघांच्या आकड्यांची मोजपट्टीही एक नव्हे. एकाचा २० म्हणजे दुसऱ्याचा २० असे समजू नये.

आम्ही चिप बाजूला ठेवली, आकडा २० केला, गती ‘सावकाश’ ठेवली. फाईल तिप्पट झाली. चौकोन कमी झाले. पण चेहरा? चेहरा उमटला नाही. आकडा १६ केला. फाईल आणखी फुगली आणि चेहरा तसाच. आता पुसटपणा अगदी तपशीलवार दिसू लागला, एवढाच फरक.

त्या रात्री आमची झोप गेली. वहीतल्या नोंदी पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. वर्गातील मुलाने उतारा चुकीचा लिहिला आणि कितीही सुवाच्य अक्षरात लिहावयास सांगितला तरी चूक तीच राहिली, तर पाहावयास हवे ते फळ्याकडे. त्याने जेथून उतरवले, तेथेच चूक आहे. आम्ही दाबलेल्या फायलींशी झगडत होतो, परंतु ज्या मूळ फाईलवरून त्या केल्या ती कोणी उघडून पाहिलीच नव्हती.

सकाळी मीडियाइन्फो नावाच्या एका लहान प्रोग्रामात ती मूळ फाईल उघडली. फाईलची सगळी कुंडली तो मांडून दाखवतो. चित्राचे माप लिहिले होते ३५२ × २८८.

ज्यांना व्हीसीडीचे दिवस आठवतात त्यांना हे माप ओळखीचे वाटेल. ते व्हीसीडीचेच. कॅसेट उतरवणारा प्रोग्राम नव्याने टाकल्यावर आपल्या मूळ स्वभावावर गेला होता, आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या सोयीनुसार कॅसेटची थेट व्हीसीडी करून देत होता. चित्रात ४,१४,७२० ठिपके असावयाचे तेथे १,०१,३७६ उरले. तीन चतुर्थांशांहून अधिक चित्र दाराबाहेरच गळून पडले, आणि जे आत आले ते त्याच ठिकाणी एकदा दाबून आले. त्यावर आम्ही पुन्हा दाबकाम करीत होतो. गेलेला चेहरा कोणत्या आकड्याने परत येणार?

दोष सापडल्याचा आनंद फार टिकला नाही. कारण उपाय एकच होता. कॅसेट तिसऱ्यांदा लावावयाची. आणि दुसऱ्या वेळी ती लावताना व्हीसीआरमधून एक बारीक किंकाळी आल्याचे आमच्या वहीत लिहिलेले होते.

या हवेत कॅसेटी ठेवणाऱ्यांना एक सूचना. कोकणात काय किंवा या आखातात काय, समुद्राकाठचा दमटपणा फितीवर बुरशी आणतो. शिवाय येथे खोलीत थंडगार आणि गॅलरीत भट्टी. थंड जागेतील कॅसेट एकदम दमट हवेत नेली तर तिच्यावर दव धरते, आणि ओली फीत यंत्राच्या फिरत्या ढोलाला चिकटून बसते. आम्ही कॅसेट आणि व्हीसीआर एकाच खोलीत एक दिवस एक रात्र शेजारी ठेवले. बुरशीचे पांढरे ठिपके आहेत काय ते झाकण उचलून उजेडात पाहिले. सुदैवाने नव्हते. फीत न वाजवता एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवली, म्हणजे गुंडाळी सैल-घट्ट असेल ती सारखी व्हावी. व्हीसीआरचा ढोल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. हे काम चिरंजीवांनी केले. न तुटणारे तंतू असलेले मऊ कातडे ढोलाला लावून धरावयाचे आणि ढोल हाताने हळूहळू आडवा फिरवावयाचा. कापसाचा बोळा वरखाली घासला तर ढोलावरचे नाजूक डोके मोडते.

संगणकाकडेही पाहावयाचे होते. विंडोज नवी असताना ती आतल्या आत सतत काही ना काही उतरवून घेत असते आणि फायलींच्या याद्या करीत असते. अशा वेळी चित्र उतरवले तर मधली चित्रे निसटतात. म्हणून संगणक एक रात्र नुसता चालू ठेवला आणि त्याचे सगळे आटोपू दिले. उतरवण्याच्या प्रोग्रामात माप ७२० × ५७६ ठरवले. चित्राची काहीही हानी न करता निम्म्याच्या आसपास जागेत बसवणारा हफ-वाययूव्ही नावाचा जुना कोडेक टाकला. गेल्या वर्षी तोच होता, पाटी पुसताना गेला. फाईल सी ड्राइव्हवर न ठेवता बाहेरच्या डिस्कवर. एक मिनिट उतरवून, ते मीडियाइन्फोत तपासून, मगच पुढे.

शुक्रवारी दुपारी कॅसेट लावली. या देशात २०२२ पासून शुक्रवारी शाळा दुपारपूर्वी सुटते, त्यामुळे शब्बाथ सुरू होण्याआधी दोन-तीन तास मिळतात. यजमान, चिरंजीव आणि आम्ही तिघेही व्हीसीआरसमोर बसलो. बाराव्या मिनिटाला ती किंकाळी पुन्हा आली. चित्र आडवे फाटले, आवाज घोगरा झाला. यजमानांनी बंद करण्यासाठी हात पुढे केला. आम्ही तो धरला. बंद केले असते तर फीत बाहेर काढताना यंत्राने तेथेच चुरगळली असती असे आम्हांस वाटले. योग्य केले की अयोग्य, कोण जाणे. काही सेकंदांनी चित्र सावरले. त्या काही सेकंदांत आमचे वडील दारात उभे राहून आत डोकावतात तेवढा भाग होता. तो गेला. आता तो कोणत्याही फाईलमध्ये नाही. बाकीची ५८ मिनिटे सरळ गेली. ती संपेपर्यंत कोणी पाणी प्यावयासही उठले नाही.

मूळ फाईल ४० जीबीच्या जवळपास. शब्बाथ संपल्यावर पहिले काम म्हणजे तिची दुसऱ्या डिस्कवर नक्कल. मगच हँडब्रेक उघडले.

आता चेहरे आले, परंतु टाळ्यांच्या हातांना फणीचे दात फुटले! हे दुखणे गेल्या दोन फायलींत नव्हते, म्हणून आम्ही पुन्हा घाबरलो. हे मात्र दुखणे नव्हे, चित्र पूर्ण आल्याची खूण आहे. जुन्या टीव्हीचे ५७६ ओळींचे चित्र एकदम काढलेले नसते. आधी एक सोडून एक अशा २८८ ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या २८८. दोन्हींच्या मधल्या वेळात हात पुढे सरकतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते कळत नसे. संगणकाचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो, म्हणून हाताच्या कडेला दाते दिसतात. हँडब्रेकमध्ये हे दाते विंचरून काढण्याची सोय आहे. ती चित्राचे माप बदलण्याच्या आधी वापरली पाहिजे. आधी माप बदलले तर दोन्ही वेळांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात आणि मग त्यांना वेगळे करता येत नाही. आम्ही माप बदललेच नाही. मुंग्या कमी करण्याची गाळणी अगदी हलकी लावली. ती जोरात लावली की चेहरे मेणाचे होतात. आकडा १८, गती सावकाश. चित्राच्या तळाशी कॅसेटीत नेहमी एक फाटकी पट्टी असते, ती कापली.

रात्रभर संगणक चालला. सकाळी १.७ जीबीची फाईल तयार होती. ती मावशीच्या नातवाला व्हॉट्सअॅपवर पाठवली, पण व्हिडिओ म्हणून नव्हे. व्हिडिओ म्हणून पाठवले की ते पुन्हा दाबले जाते आणि आमची सगळी तपश्चर्या वाया जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले की २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी पोहोचते. चिरंजीवांनी आपली मांडणी या वेळी प्रोग्रामाबाहेर फाईल करून ठेवली आहे, आणि आम्ही ती वहीतही लिहून घेतली आहे.

नातवाने ती मोठ्या टीव्हीवर लावली. मावशी खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली म्हणे. दुपारी फोन आला. आम्हांस वाटले, ती आईविषयी बोलेल. तिने प्रथम विचारले, ‘‘मागं परात धरून कोण उभी आहे, पाहिलंस?’’

आम्ही म्हणालो, ‘‘नाही गं मावशी, नीट पाहिलं नाही.’’

‘‘मीच ती. किती बारीक होते बघ.’’

मग तासभर ती एकेक चेहरा सांगत गेली. कोण कुणाची सून, कोण रेवदंड्याहून आलेली, कोण नवगावची, कोण पुढच्याच वर्षी अलियाला गेली. नातू चित्र थांबवी, ती सांगे, आणि आम्ही येथे लिहून घेत होतो. आई गाणे म्हणत असताना तिच्या डाव्या हाताला बसलेल्या बाईंशी तिचे त्या दिवशी बोलणे नव्हते, आणि तरीही दोघी एकाच ठेक्यात टाळ्या वाजवीत होत्या, हेही आम्हांस या वेळीच समजले. वडील दारात डोकावतात तो भाग कोठे गेला, असेही तिने विचारले. आम्ही खरे ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘निळा सदरा होता त्यांचा. लिहून ठेव.’’ आम्ही लिहिले.

एकूण ३१ चेहऱ्यांपैकी २७ जणांची नावे मिळाली. चार चेहरे मावशीलाही ओळखता आले नाहीत. दारालगत बसलेल्या दोन तरुणी, हातात तान्हे मूल असलेल्या एक बाई, आणि चष्मा लावलेले एक वृद्ध गृहस्थ, जे शेवटी क्षणभर येऊन सर्वांना हात जोडतात. १९९२ साली अलिबागच्या इस्राएल आळीतील त्या मेंदीस हजर असलेल्या वाचकांपैकी कोणास ही माणसे आठवत असल्यास त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर आम्हांस कळवावे. चौघांचीही चित्रे आम्ही पाठवू.